भरती-ओहोटीच्या तक्त्यावरचं दीव: खानदेशातून सहा दिवस

खानदेशातून सौराष्ट्राकडे निघालेली बहुतेक मंडळी सोमनाथ-द्वारकेच्या यात्रेला चाललेली असतात. त्या गडबडीत दीवच्या वाट्याला येते जेमतेम अर्धी दुपार. बारा वाजता बस किल्ल्यापाशी उभी राहते, दोनला नागव्याचा किनारा, चारला समुद्रकाठच्या खडकातलं गंगेश्वर हे शिवस्थान आणि अंधार पडायच्या आत गाडी परत सोमनाथच्या रस्त्याला. किल्ला ऐन उन्हात पाहिला, समुद्र ओहोटीला गाठला आणि गंगेश्वराच्या पिंडी कोरड्याच दिसल्या, तर ‘दीवला काही विशेष नाही’ असंच वाटणार. दीवला तीन मुक्काम द्यावेत आणि रोजचा क्रम भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बेतावा. मग त्याच तीन जागा वेगळ्या दिसतात.

बेट लहान आहे. पूर्व-पश्चिम अकरा-बारा किलोमीटर लांब आणि रुंदीला फार तर तीन किलोमीटर. सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला ते अगदी चिकटून आहे, मध्ये फक्त एक अरुंद खाडी. खाडीवर दोन पूल: पूर्वेकडचा घोघल्याचा आणि पश्चिमेकडचा तडचा. दीव शहर पूर्व टोकाला, वणाकबारा हे मच्छीमारांचं गाव पश्चिम टोकाला आणि मध्ये फुदम, बुचरवाडा, नागवा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या दीव जिल्ह्याची लोकसंख्या बावन्न हजारांच्या आसपास होती. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाइतकीच.

निघण्याआधी: तक्ता

भरती-ओहोटी आपल्या रोजच्या जगण्यात नाही, म्हणून इथे थोडं थांबू. चोवीस तासांत साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास धरावेत. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी. म्हणजे तारीख ठरवताना आधी कालनिर्णय उघडायचं. गंगेश्वर आणि खडकाळ किनारे पाहायचे असतील तर पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. लहान मुलांना पाण्यात खेळवायचं असेल तर अष्टमी-नवमीचे दिवस बरे.

मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात. ठिकाण म्हणून दीव टाका, नसेल तर वेरावळ चालतं, थोडा फरक पडेल इतकंच. प्रत्येक दिवसाच्या चारही वेळा वहीत उतरवून घ्या. पाणी एका वेगानं चढत नाही, हेही लक्षात असू द्या. एकूण चढ बारा भागांचा धरला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. पहिल्या तासात पाणी हललेलंच दिसत नाही म्हणून लोक खडकावर निवांत बसून राहतात आणि तिसऱ्या तासात परतीची वाट बुडते. खडकाळ किनाऱ्यावर फसगत होते ती बहुधा अशीच.

जाण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीची सुट्टी, नाताळ-नववर्ष आणि एरवीचे शनिवार-रविवार टाळावेत. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीवमध्ये नाही, त्यामुळे शुक्रवार रात्रीपासून रविवार दुपारपर्यंत गर्दी, आवाज आणि खोल्यांचे भाव तिन्ही चढलेले असतात. कुटुंबाला घेऊन जायचं तर सोमवार ते गुरुवार दीवमध्ये असाल असा बेत करा. आठवड्याच्या मधले हे दिवस शांत असतात.

पहिला दिवस: जळगाव ते सुरत

जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे ही सगळी गावं ज्या महामार्गावर आहेत तो, म्हणजे जुना सहा नंबर आणि आताचा त्रेपन्न, पश्चिमेला हजिऱ्यालाच जाऊन संपतो. आणि आपली तापी समुद्राला मिळते तीही हजिऱ्यापाशीच. खानदेशच्या माणसाला समुद्राकडे जायचा याहून सरळ रस्ता नाही.

स्वतःच्या गाडीनं जळगाव-सुरत सव्वातीनशे किलोमीटरच्या आत आहे, सहा-सात तास धरावेत. साक्री ओलांडली की दहिवेल-विसरवाडीच्या पट्ट्यात कोंडाईबारी घाट लागतो. तिथे अवजड ट्रक बंद पडून रांगा लागतात, म्हणून हा भाग दिवसाउजेडी उरकावा. रेल्वेनं जायचं तर तापी खोऱ्याचा मार्ग: जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, उधना. गाडीनुसार पाच-सहा तास लागतात. सुरतेचं स्टेशन तापीच्या एका तीरावर आणि हजिरा दुसऱ्या तीराकडे आहे. मुक्काम अडाजण किंवा पाल या भागात केला तर सकाळी शहर ओलांडावं लागत नाही. स्टेशनजवळ उतरलात तर बंदरापर्यंत जायला तासभर जास्तीचा हाताशी ठेवा.

शिदोरी म्हणून दशम्या घ्याव्यात. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. कळण्याची भाकरी पहिल्याच जेवणाला संपवावी, दुसऱ्या दिवशी ती कडक होते. मिरचीचा ठेचा कोरडा परतून, काचेच्या बरणीत. केळी न्यायची तर हिरवट फणीच घ्या. पिकलेली केळी बंद डिक्कीत एका दुपारीत काळी पडतात.

दुसरा दिवस: हजिरा, घोघा, आणि रस्त्यानं दीव

सुरतेहून भावनगरकडे रस्त्यानं जायचं तर खंबातच्या आखाताला वळसा घालावा लागतो, साडेतीनशे किलोमीटरच्या वर. हजिऱ्याहून घोघ्याला जहाजानं गेलं की हा वळसा वाचतो. गाडी, मोटारसायकल, ट्रक, माणसं सगळं एकाच जहाजात चढतं. ही सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी घोघा-दहेज अशी फेरी होती, पण दहेजच्या बाजूला गाळ साचून जहाजाला पुरेशी खोली मिळेना आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. अंतर नव्वदेक किलोमीटर, वेळ तीन ते चार तास.

तिकीट आधी ऑनलाइन काढावं. गाडीचं आणि माणसांचं तिकीट वेगवेगळं असतं. ओळखपत्र प्रत्येकाचं मूळ स्वरूपात लागतं, गाडीचं आरसी बुक सोबत ठेवावं. सुटण्याच्या निदान तासभर आधी बंदरावर पोचावं, कारण गाड्या आत लावायला वेळ लागतो आणि उशिरा आलेल्याला परत पाठवतात. गाडी आत लावली की इंजिन बंद, पहिला गिअर टाकायचा, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, आरसे मिटायचे. एकदा वर गेल्यावर प्रवास संपेपर्यंत गाडीपाशी येऊ देत नाहीत. म्हणून पाणी, औषधं, डबा, लहान मुलाची पिशवी आधीच वर न्यावी. हे विसरणारे दर फेरीला चार जण तरी असतात.

बोट लागण्याची सवय असलेल्यांनी गोळी जहाजात चढण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. बसायला जहाजाचा मधला भाग निवडा, तिथे हेलकावा कमी बसतो. मोबाइलमध्ये मान घालू नका, लांब क्षितिजाकडे पाहा. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको, एखादी दशमी पुरे.

आखाताचं पाणी निळं नाही, चिखलासारखं तपकिरी आहे. तापी, नर्मदा, मही, साबरमती यांचा गाळ आणि भरतीचा प्रचंड जोर यामुळे ते कायम ढवळलेलं असतं. आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे भावनगरकडे भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो. तिमजली घराएवढा. भावनगरच्या जुन्या बंदरात पाणी अडवून धरायला दरवाजे बांधावे लागले ते यामुळेच. पुढे अलंगला जुनी जहाजं तोडायला आणतात, तीही उधाणाच्या भरतीवर पूर्ण वेगानं किनाऱ्यावर चढवून. दीव उघड्या समुद्रावर आहे. तिथे हा फरक खूपच कमी, साधारण दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणून भावनगरचा तक्ता दीवला लावू नये.

वादळी हवेत फेरी रद्द होते आणि कधी कधी ते आदल्या रात्रीच कळतं. तेव्हा भरूच, वटामण, धोलेरामार्गे भावनगर गाठायचं आणि दिवस सगळा गाडीतच जाणार हे गृहीत धरायचं. दीवच्या पहिल्या रात्रीची खोली पैसे परत मिळतील अशाच अटीवर ठरवा.

आता नकाशातली एक फसवणूक. घोघा आणि घोघला ही दोन वेगळी गावं. घोघा हे भावनगरजवळचं बंदर, घोघला हे दीवच्या पुलाअलीकडचं गाव. दोन्हींत दीडशे किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि मोबाइलवर तीन अक्षरं टाइप केली की दोन्ही नावं पुढे येतात. अख्खं नाव वाचून मगच बोट दाबा.

घोघ्याहून भावनगरला न शिरता तळाजा, महुवा, राजुला, उना असा रस्ता धरावा. साधारण १८० ते १९० किलोमीटर, जेवणासह पाच तास. तळाजा हे संत नरसी मेहतांचं जन्मगाव, गावामागच्या टेकडीत प्राचीन लेणी आहेत. महुवा म्हणजे कांदा. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याचे ढीग आणि कांदा वाळवायचे कारखाने दिसले की जळगावच्या माणसाला ओळखीचं वाटतं. जेवायला काठियावाडी ढाबा गाठावा: बाजरीचा रोटलो, सेव-टमेटा आणि रिंगणानो ओळो. सेव-टमेटा ही आपल्या शेवभाजीची सौम्य बहीण, गोडसर. ओळो म्हणजे भरीतच, पण त्यात टोमॅटो असतो, आणि वांगं जांभळं. आसोदा-बामणोदची हिरवी वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजून ठेचलेल्या भरिताची सर त्याला नाही, तरी भुकेला उत्तम. भाषेचं म्हणाल तर अहिराणी बोलणाऱ्याला इथे फारशी अडचण येत नाही. आपलं ‘काय से’ आणि त्यांचं ‘शुं छे’ लांबचे नातेवाईक आहेत.

उन्याहून देलवाडा, अहमदपूर मांडवी, घोघला करत पुलावरून दीव शहरात शिरायचं. चौकीवर गाडी तपासतात ती मुख्यतः बाहेर जाताना, पण कागद हाताशी असू द्या. पोचेपर्यंत सूर्य कललेला असेल. आज काही पाहायचं नाही. बंदर रस्त्यावर चक्कर मारा, खाडीत उभा असलेला पाणीकोठा पाहा आणि झोपा. पाणीकोठा ही समुद्रातच उभारलेली छोटी गढी आहे, लांबून नांगर टाकलेल्या जहाजासारखी दिसते.

तिसरा दिवस: किल्ला, शहर, दगडाची खाण

किल्ला सकाळी आठच्या सुमारास उघडतो, तेव्हाच दारात हजर असावं. साडेदहानंतर आत सावली सापडत नाही आणि पिवळसर दगडावरून उन्हाची झळ डोळ्यांत येते. छत्री वाऱ्यानं उलटते. त्यापेक्षा डोक्याला रुमाल बांधावा. आपला पांढरा बागायती रुमाल इथे टोपीपेक्षा बरा. पाण्याची बाटली माणशी एक लिटर.

१५०९ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांनी इजिप्तचे मामलुक, गुजरात आणि कालिकत यांच्या आरमाराला हरवलं. तरी दीव त्यांच्या हाती यायला आणखी सव्वीस वर्षं लागली. हुमायूनच्या स्वारीनं घेरलेल्या गुजरातच्या बहादूरशहानं १५३५ मध्ये त्यांना इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. दोन वर्षांत, १५३७ ला, तोच बहादूरशहा दीवच्या पाण्यात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मेला. त्याचा वारस ठरला त्याच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे खानदेशचा फारुकी सुलतान मीरान मुहम्मद शाह. बुऱ्हाणपूरकडून तो गुजरातच्या गादीकडे निघाला आणि पोचण्याआधीच वारला. तो पोचला असता तर खानदेश आणि गुजरात एका गादीखाली आले असते. खानदेशातून आलेल्यानं या किल्ल्यात शिरताना एवढी आठवण ठेवावी. पुढे १५३८ मध्ये उस्मानी तुर्कांचं आरमार घेऊन सुलेमान पाशा आला आणि १५४६ मध्ये दुसरा मोठा वेढा पडला. दोन्ही वेळा किल्ला टिकला. पोर्तुगीज गेले ते १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा आणि दमणबरोबरच.

किल्ला टिकला का, ते आत फिरताना कळतं. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला शहर. त्या चौथ्या बाजूला खडक खोदून खंदक केलाय आणि तटाच्या आत पुन्हा दुसरा तट. भरतीच्या वेळी बाहेरच्या खंदकात समुद्राचं पाणी येतं. तक्त्यात सकाळी भरती असेल तर आधी खंदकावरच्या पुलावर उभं राहून पाणी पाहावं, मग आत जावं. पारोळ्याचा भुईकोट ज्यानं पाहिलाय त्याला खंदकाची कल्पना नवी नाही, पण तिथला खंदक पावसा-तळ्याच्या पाण्यावर भरायचा. इथे तो दिवसातून दोनदा आपोआप भरतो. बुरुजांवर तोफा आहेत, काही लोखंडी, काही पंचरशी. पंचरशी तोफांवरची अक्षरं आणि मुकुटाची चिन्हं सकाळच्या तिरप्या उजेडात वाचता येतात, दुपारी सपाट दिसतात.

दगडाला हात लावून पाहा. लळिंग, सोनगीर, अंमळनेर, आपल्याकडची तटबंदी काळ्या दगडाची. हा चुनखडीचा दगड आहे, बारीक शिंपल्यांच्या चुऱ्याचे आणि वाळूचे कण घट्ट बसून झालेला. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, करवतीनं कापता येतो. उघड्या हवेत तो वरून कडक होतो. पण खारा वारा त्यात मुरतो, मिठाचे स्फटिक आतून फुगतात आणि दगडाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. समुद्राकडच्या तटावर ही भोकं मोठी आहेत, शहराकडच्या तटावर लहान. तटाच्या कडेवर उभं राहून फोटो काढू नये तो याच कारणासाठी: कडेचे दगड दिसायला शाबूत, आतून पोकळ.

साडेदहाला किल्ल्यातून निघून शहराबाहेरच्या नाइडा गुंफांकडे जा. याला गुंफा म्हणतात, पण ही दगडाची खाण आहे. किल्ल्यासाठी आणि शहरासाठी इथून दगड काढत गेले आणि मागे उरली ती ही दालनं. साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यानच जायचं, कारण छताच्या भोकांतून ऊन सरळ खाली उतरतं ते तेवढ्याच वेळात. भिंतीजवळ जाऊन बघा: छिन्नीचे आडवे, समांतर चरे, हाताच्या अंतरावर पुन्हा तसेच. जिथे चिरा सुटून निघाला तिथे पायरी राहिलीय. चिऱ्याची लांबी-रुंदी त्या पायरीवरून मोजता येते. छतातून झाडांची मुळं दोरखंडासारखी खाली लोंबतात. तळ असमान आहे, चामड्याच्या गुळगुळीत चपला चालत नाहीत, रबरी तळाचे बूट हवेत. पावसाळ्यात आणि नंतरचे काही आठवडे शेवाळ असतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी दारातूनच पाहावं.

दुपारी एक ते चार शहर झोपतं, दुकानंही बंद होतात. जेवून खोलीवर परता. चारनंतर सेंट पॉल चर्च: सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेलं आणि आजही प्रार्थना चालू असलेलं. आतली लाकडी कोरीव वेदी निवांत पाहावी. सेंट थॉमस चर्चमध्ये आता जुन्या मूर्तींचं संग्रहालय आहे. दोन्हींमध्ये चालत पाच-सात मिनिटांचं अंतर. गल्ल्या अरुंद, गाडी नेऊ नका.

सूर्यास्ताच्या तासभर आधी चक्रतीर्थाकडे जा. तिथल्या टेकाडावर आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं दीवपासून समुद्रात सुमारे चाळीस सागरी मैलांवर खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजावरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे, तोंड समुद्राकडे. पुढे त्याच नावाचं दुसरं जहाज नौदलात आलं आणि निवृत्तीनंतर तेही दीवलाच दिलं गेलं. इथे मोठ्यानं गाणी लावू नयेत, इतकंच सांगणं.

चौथा दिवस: फुदम, नागवा, वणाकबारा

दुचाकी भाड्यानं मिळते. मूळ परवाना सोबत ठेवा, गाडी घेताना आधीचे ओरखडे मोबाइलवर टिपून ठेवा, ब्रेक आणि दिवे तिथेच तपासा. सायकलही चालते, बेट सपाट आहे. फुदम शहरापासून तीन, नागवा सात, वणाकबारा तेरा-चौदा किलोमीटर. दुपारनंतर वारा समुद्राकडून, नैर्ऋत्येकडून सुटतो. म्हणून सकाळी पश्चिमेकडे जावं आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन परतावं. उलट केलं तर शेवटचे पाच किलोमीटर मांड्या भरून येतात.

फुदमचं गंगेश्वर मात्र तक्ता सांगेल त्याच वेळी. पायऱ्या उतरून खडकाच्या कपारीत गेलं की लहान-मोठ्या पाच पिंडी दिसतात. पांडवांनी वनवासात स्थापल्या अशी श्रद्धा आहे. पूर्ण ओहोटीला त्या कोरड्या असतात, पूर्ण भरतीला नुसतं पाणी. पोचायचं ते भरतीच्या शिखराआधी तीन तास. आधी दर्शन आणि फूल-बेल वाहून घ्या, मग वरच्या पायरीवर बसा. पहिली लाट कपारीच्या तोंडाशी येऊन परत जाते. पाच-सात लाटांनंतर एक लाट पिंडीपर्यंत पोचते, फेस पाचही पिंडींवरून पसरतो आणि परतताना मधल्या खोबणीतून चुळचुळत वाहून जातो. वाहिलेलं फूल उचललं जातं, दगडाला टेकतं, पुढच्या लाटेला समुद्रात जातं. मग प्रत्येक दुसरी लाट आत येते, मग प्रत्येक. तास-दीड तास बसलं की अभिषेक कसा सुरू होतो ते दिसतं. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, तिथे अनवाणी बोटं रोवून चालावं. ओल्या मोज्यांनी पाय हमखास घसरतो. उधाणात शेवटच्या दोन तासांत खाली थांबू नका.

भरती पहाटे किंवा रात्री पडत असेल तर हा बेत दुसऱ्या दिवसावर ढकला. एवढ्या एका जागेसाठी दिवसांची अदलाबदल करावी.

नागव्याचा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे आणि उतार सौम्य, म्हणून इथेच सगळी गर्दी. पोहायचं ते पाणी चढत असताना. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी आत ओढतं. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झटापट करत पोहू नये, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर वीस-तीस मीटर बाजूला जायचं, ओढ संपली की वळायचं. तापीच्या डोहात पोहणारालाही हे नव्यानं शिकावं लागतं, कारण नदीचं पाणी एकाच दिशेनं ओढतं. किनाऱ्यालगत फांद्या फुटलेले ताड दिसतील, त्यांना इथे होका म्हणतात. ताडाला फांद्या फुटलेल्या आपल्याकडे दिसत नाहीत. जवळच शंख-शिंपल्यांचं संग्रहालय आहे.

वणाकबाऱ्याला जेवणाआधी पोचा. रंगीत लाकडी होड्या एकमेकींना खेटून उभ्या, बर्फाच्या लाद्या फोडायचा आवाज, जाळी शिवणारे हात. जूनपासून पावसाळ्यात काही आठवडे मासेमारी बंद असते, तेव्हा सगळ्या होड्या आत आणि डागडुजी चालू. हिवाळ्यात वाळवणाचे मांडव लागतात. ओल्या बोंबलाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. गाठ नाही, काटा नाही, दातच धरून ठेवतात. ऊन आणि वारा चांगला असेल तर काही दिवसांत कडक होतात. आपल्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील येतात ते अशाच कुठल्या तरी दोरीवरून उतरलेले. घ्यायचे तर एक मोडून बघा. कट्कन तुटला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे, घरी पोचेपर्यंत बुरशी धरेल. वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो. फोटो काढण्याआधी काम करणाऱ्या बायांना विचारावं.

पाचवा दिवस: घोघला आणि परतीचा रस्ता

सकाळी सहाला घोघल्याचा किनारा. घोघला बेटावर नाही, पुलापलीकडे मुख्य भूमीवर आहे, म्हणून परतीच्या वाटेवर सोयीचा. लांबलचक, स्वच्छ वाळू. २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेल्या भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांत हा आहे. कपडे बदलायला खोल्या, गोड्या पाण्याचे नळ. नागव्यापेक्षा गर्दी कमी. लहान मुलांना पाण्यात सोडायचं तर इथेच.

बाहेर पडण्याआधी गाडी रिकामी करून तपासा. एकही बाटली नको, अर्धवट नको, ‘विसरलो’ नको, सोबत्याच्या बॅगेत नको. चौकी ओलांडली की गुजरातचा दारूबंदीचा कायदा लागतो आणि गाडीच जप्त होऊ शकते. भाड्याची गाडी असेल तर चालकाला आदल्या रात्रीच स्पष्ट सांगावं.

घोघ्याहून संध्याकाळची फेरी मिळत असेल तर दीवहून सकाळी नऊच्या आत निघा. महुव्याच्या बाजाराच्या दिवसात रस्ता तुंबतो, त्यासाठी तासभर जास्तीचा धरा. फेरी जमत नसेल तर सोमनाथ ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे, तिथे दर्शन करून वेरावळहून रेल्वे पकडता येते. देलवाडा हे सर्वांत जवळचं स्टेशन, पण तिथे मीटरगेज आहे, खानदेशात परतायला उपयोगाचं नाही.

सहावा दिवस: सुरत ते घर

सुरत सोडण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या, चाकांच्या कमानी आणि सायलेन्सरसकट. जहाजातला खारा ओलावा आणि किनाऱ्यावरची वाळू चार-सहा दिवस तशीच राहिली तर पत्र्याच्या सांध्यांत गंज धरतो. बॅगेतले ओले कपडेही इथेच पिळून वाळत टाका. नवापूरपर्यंत गाडीच्या मागच्या काचेत ते सुकतात. कोंडाईबारी घाट दुपारी तीनच्या आत ओलांडावा.